उकळती रेंज

अट्रॅक्टाचा फोन आला तेव्हा मॅलाकी टॅन्झी व्हॅनमध्ये बसून हॅम सँडविच खात होता. त्या आठवड्यातला तिचा हा तिसरा फोन.

"मॅलाकी, ही परत बोलायला लागली."

"काय म्हणते?"

"शिव्या देते. भिंतीतून."

त्याने सँडविच डॅशबोर्डवर ठेवलं. "पंपाचं बटण दाब. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोड. आणि लांब उभी राहा."

"सोडलाय. सगळं स्वयंपाकघर वाफेने भरलंय. मला माझाच हात दिसत नाहीये."

"हात नाही दिसला तरी चालेल. नळ दिसतोय ना?"

"तू डॉमिनिकसारखा बोलायला लागलास," असं म्हणून तिने फोन ठेवला.

अट्रॅक्टाच्या नवऱ्याला, डॉमिनिकला, जाऊन साडेतीन आठवडे झाले होते. रविवारी चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती. आज शुक्रवार. मॅलाकीने व्हॅन वळवली आणि कॅरोबेगचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागला. सँडविच घसरून खाली पडलं. त्याने ते उचललं नाही.

त्या डोंगरात मॅलाकीचा हात न लागलेली रेंज सापडणं कठीण. रेंज म्हणजे भिंतीशी बसवलेली मोठी लोखंडी चूल, तिथल्या घराचं पोट. ब्रेड तिच्यात भाजतो, किटली तिच्यावर बसते. तिच्या पाठीशी तापलेलं पाणी आंघोळीला येतं, आणि तेच पाणी नळ्यांतून फिरून खोल्याखोल्यांतले रेडिएटर उबदार ठेवतं. रेंज बिघडली की घरातली माणसं कोट घालून जेवतात आणि एकमेकांशी भांडतात. मॅलाकी एक्केचाळीस वर्षं ही भांडणं मिटवत आला होता. काजळी खरवडायची, ज्योत नीट करायची, रॉकेलच्या नळीतला गाळ काढायचा. हातांना रॉकेलचा वास कायमचा. मिस्सेच्या वेळी शेजारी हात मिळवायला कचरत, पण मिळवत.

पाणी किती तापलंय हे तो हाताने बघे. नळीवर पंजा ठेवायचा आणि मनात 'नमो मारिये' सुरू करायचं. अर्ध्यावर हात उचलावा लागला तर ठीक. प्रार्थना पूर्ण झाली तर पाणी गार. पहिल्या दोन शब्दांत हात उडाला तर माळ्यावरची टाकी बघायला पळायचं. त्याच्याकडे थर्मामीटर होता. गिऱ्हाईक बघत असलं की तो काढायचा.

अट्रॅक्टाची रेंज त्याने स्वतः बसवली होती. आधी तिच्यात टर्फ, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळे. डॉमिनिकने आयुष्यभर दलदलीतून टर्फ कापून आणला, आणि एका पावसाळी वर्षी पाठ धरली तेव्हा म्हणाला, "बस झालं. लाव तुझं ते रॉकेल." मॅलाकीने आठ दिवस खपून रेंज रॉकेलवर आणली. नव्या नळ्या टाकल्या. डॉमिनिक खुर्ची टाकून बघत बसे आणि दर तासाला विचारे, "घर केव्हा उडणार?" त्या आठ दिवसांत दोघांची जी मैत्री जमली ती पस्तीस वर्षं टिकली.

म्हणजे त्या घरातला नळीचा एकेक सांधा मॅलाकीला पाठ होता. आणि तरीही रेंज का उकळते ते त्याला कळत नव्हतं. हेच त्याला खात होतं.

अंत्यविधीनंतर अट्रॅक्टा दोन आठवडे लेकीकडे, गॉलवेला, राहून आली. तोवर रेंज विझलेली. ती परतली तेव्हा मॅलाकीनेच साफ करून पेटवून दिली. चार दिवसांनी पहिल्यांदा उकळली. सोमवारी त्याने थर्मोस्टॅट बदलला. बुधवारी पंप बदलला. मध्ये एक दिवस त्याला वाटलं, सापडलं: पूर्वी डॉमिनिक वासरांसाठी बादल्या-बादल्या गरम पाणी न्यायचा, आता वासरं विकली, पाणी वापरायलाच कुणी नाही, म्हणून तापत असेल. पण तेवढ्याने रेंज दगड गिळल्यासारखी गुरगुरत नाही. भिंतीतल्या नळ्या थडथडत नाहीत.

तो पोचला तेव्हा नळ वाहत होता आणि रेंज शांत झाली होती. अट्रॅक्टा टेबलाशी बसली होती. एकोणऐंशी वर्षांची, बारीक, ताठ बाई. समोर पाकिटांचा गठ्ठा. सांत्वनाची पत्रं ज्यांतून आली ती पाकिटं. तिने एक घाईघाईने उलटं केलं, पण मॅलाकीने वाचलं होतं. तिच्या शाळकरी, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: आचेचं बटण तीनवर. ११.४०. पुन्हा पाहिलं, तीनवरच. ११.५५. पुन्हा पाहिलं.

"हे काय?"

"काही नाही. हिशेब."

"कसला?"

"मी वेडी झाले की नाही त्याचा," ती म्हणाली. "चहा घेतोस?"

त्याने चहा घेतला. पुन्हा सगळं तपासलं. रॉकेल ठीक, ज्योत निळी, माळ्यावरची टाकी भरलेली. तो उठे, बसे, पुन्हा उठे. शेवटी अट्रॅक्टा म्हणाली, "अरे, कोंबडीसुद्धा अंडं घालायला एका जागी बसते."

खाली रस्त्याला लागतो न लागतो तोच ओर्लाचा फोन आला. ओर्ला ही अट्रॅक्टा-डॉमिनिकची एकुलती लेक, गॉलवेच्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका. आईला ती मॅम म्हणे.

"मॅलाकी, तुमच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली. राग असणारी माणसं अशीच सुरुवात करतात. "पण हे आता पुरे. बाबा होते तोवर बटणाला तेच हात लावायचे. मॅम ते वाढवते आणि विसरते. सोमवारी माणसं येतायत. रेंज काढून नेतील. मॅम हिवाळाभर माझ्याकडे."

"हिवाळाभर?"

"पुढचं पुढे बघू."

"तिला विचारलंस?"

"तिला विचारलं तर ती 'ठीक आहे' म्हणेल. तुम्हाला मॅमचं 'ठीक आहे' माहितीये."

त्याला माहीत होतं. डॉमिनिकच्या डॉक्टरलाही ती तेच म्हणाली होती.

घरी आल्यावर त्याने तीनदा हात धुतले. बायको, नुआला, बटाटे सोलता सोलता बघत होती. "साबण संपव एकदाचा," ती म्हणाली. "ती रेंज म्हातारी झालीये. तूही झालायस. त्यात काय एवढं?"

"ती बाई घर सोडून जाणार आहे, नुआला. का उकळते ते मला कळत नाही म्हणून."

"मग विचार कर."

"तेच तर करतोय."

"नाही, तू येरझाऱ्या घालतोयस."

शनिवारी सकाळी तो पेटी घेऊन पुन्हा गेला. अट्रॅक्टा दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी भाजायला लागली होती. सोडा ब्रेडच्या चार लाद्या, दोन फ्रूट केक, वर मोठ्या पातेल्यात हॅम.

"आज मी काहीही करणार नाही," त्याने सांगितलं. "नुसता बसून बघणार."

"सरकारी नोकरासारखा?"

"अगदी तसाच. आणि तू रोज करतेस तेच कर."

तो डॉमिनिकच्या खुर्चीत नाही बसला. स्टूल ओढून घेतलं आणि बटणावर नजर ठेवली. अट्रॅक्टा पीठ मळत होती. मध्येच पाकिटाकडे हात जाई. "लिहू नकोस," तो म्हणाला. "आज माझे डोळे आहेत." बारा वाजता पंप नेहमीप्रमाणे आपोआप बंद झाला. बटण तीनवर. एक वाजला. बटण तीनवर. ब्रेडचा वास सुटला. तिने बटणाला हात लावला नाही, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी रेंजच्या पोटात काहीतरी घरंगळलं. मग गुरगुर. मग भिंतीतून थाड थाड.

अट्रॅक्टाने आधी बटणाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"मी हात नाही लावला."

"माहितीये. मी बघत होतो."

ती पिठाच्या हातांनीच खाली बसली. "परत म्हण."

"तू हात नाही लावलास, अट्रॅक्टा."

तिच्या तोंडावर पीठ लागलं. तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले होते. मॅलाकीने नळ सोडला, पण पंपाला हात लावला नाही. एकदा तरी रेंजला पूर्ण बोलू द्यायचं होतं. तो गुडघ्यांवर बसून रेंजच्या मागे शिरला. तिथून तीन नळ्या निघत. पहिली रेडिएटरांकडे, पंपातून. दुसरी वर, आंघोळीच्या पाण्याच्या टाकीला. तिच्यावर पंजा ठेवला, 'नमो' म्हणायच्या आत हात उडाला. तिसरी नळी भिंतीतून पलीकडच्या खोलीत जात होती. घर उतारावरचं, त्यामुळे ती खोली तीन पायऱ्या उंच. त्या खोलीतला रेडिएटर पंपाशिवाय चाले. आग जास्त झाली, पंप बंद असला, की जादा उष्णता आपोआप त्या वाटेने वर निघून जाई. त्यासाठीच तर त्याने तो तिथे बसवला होता, आणि कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्याला फिरवायची मूठच ठेवली नव्हती. जो बंदच होत नाही तो तपासायचा कशाला? तीन फेऱ्यांत त्याने त्या नळीकडे पाहिलंही नव्हतं.

त्याने तिसऱ्या नळीवर हात ठेवला. प्रार्थना म्हणून झाली. पुन्हा म्हटली. तीही झाली. नळी मातीसारखी गार.

तो बाहेर सरकला. पंप लावला. नळ्या शांत झाल्या.

"अट्रॅक्टा, वरच्या खोलीची किल्ली कुठाय?"

"तिथे काय हवंय तुला?"

"रेडिएटर बघायचाय."

तिने पिठाचे हात पुसले. मग एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. म्हणजे ती किल्ली ती बरोबर घेऊनच फिरत होती. "मी नाही येणार," ती म्हणाली.

खोलीत खिडकी दोन बोटं उघडी होती, डॉमिनिकच्या आत्म्याला वाट म्हणून त्या दिवशी उघडली होती तशीच. पलंगावर पांढरी चादर ताणलेली. मॅलाकीने तिकडे पाहिलं नाही. तो रेडिएटरपाशी बसला. पत्रा बर्फ झाला होता. खाली, जिथे मूठ नसलेला पितळी खुंट होता, तिथला पांढरा रंग खरवडला गेला होता. पितळ नवं चमकत होतं. पान्ह्याच्या दोन दातांच्या खुणा. एक दात किंचित तुटका.

त्याने पेटी उघडली. पान्हा काढला. एक दात किंचित तुटका.

मग त्याला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे, ते विसरलेलं नव्हतंच. फक्त रेंजशी त्याचा काही संबंध आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. डॉमिनिकला चार वाजता घरी आणला. तिथल्या रीतीप्रमाणे दोन दिवस त्याचं शव या खोलीत असणार होतं, सगळा मुलूख बघायला येणार होता. अंत्यविधीवाला मानेवरचा घाम पुसत म्हणाला, "खोली गार हवी. हे कुठून बंद होतं?" सात-आठ पुरुष दाटीने उभे होते. सगळे मॅलाकीकडे बघायला लागले. अशा वेळी रेंजवाला घरात असला तर त्याच्याचकडे बघतात. "हा बंद करायचा नसतो," तो म्हणाला होता. मग त्याची नजर डॉमिनिकच्या चेहऱ्यावर गेली, आणि तो व्हॅनमधून पान्हा घेऊन आला. घट्ट पिळला. कुणीतरी पाठीवर थाप मारली. ते दोन दिवस घरात शेकड्यांनी कप विसळले गेले, नळ वाहतच होते, पंप चालूच होता. पाण्याला उकळायला उसंतच नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याने शवपेटीला खांदा दिला. खुंट उघडायला कुणी सांगितलं नाही. त्यालाही सुचलं नाही.

त्याने खुंट उलटा फिरवला. नळीत खळखळ झाली आणि पाणी वर चढलं. तो हात ठेवून बसून राहिला. हळूहळू पत्रा कोमट झाला. मग ऊन. मग त्याला हात उचलावा लागला.

स्वयंपाकघरात अट्रॅक्टा केक बाहेर काढत होती. त्याने मुद्दाम पंप बंद केला. पाच मिनिटं, दहा मिनिटं दोघं ऐकत राहिले. रेंज गप्प होती.

"काय होतं?" तिने विचारलं.

"हवा," मॅलाकी म्हणाला. "हवा अडकली होती."

"हवा," ती म्हणाली. "बरं."

एक्केचाळीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाला पुष्कळ थापा मारल्या होत्या, पार्ट उद्या येतोय वगैरे. ही त्यांतली नव्हती. तो उगाचच पेटीतली हत्यारं पुन्हा लावू लागला.

अंगणात गाडी थांबली. ओर्ला दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आत आली. खिडकीच्या काचांवर अजून वाफ होती. तिने पिशव्या ठेवल्या आणि एका बोटाने काच पुसली.

"आजपण?"

"आजपण," अट्रॅक्टा म्हणाली. "पण मॅलाकीला सापडलं. हवा होती."

"सोमवारी थर्मोस्टॅट होता. बुधवारी पंप. आज हवा." ओर्लाचा आवाज चढला नव्हता. "मंगळवारी काय असेल? भूत?"

"ओर्ला, पोरी—"

"मॅलाकी, तुम्ही बाबांचे मित्र. तुम्हाला मॅमची बाजू घ्यावीशी वाटते, मला कळतं. पण रात्री ही इथे एकटी असते. मी तिकडे फोन उशाशी घेऊन झोपते. झोपते कसली."

अट्रॅक्टाने टेबलावरची पाकिटं गोळा करायला घेतली. "राहू दे, ओर्ला. माझंच काहीतरी चुकत असेल. मी येते तुझ्याकडे. ठीक आहे."

मॅलाकी दाराच्या दिशेने दोन पावलं गेला. मग परत आला. पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"हवा नव्हती," तो म्हणाला. "वरचा रेडिएटर बंद होता. तो बंद असला की रेंजला श्वास घ्यायला जागा राहत नाही. तो मी बंद केला होता. डॉमिनिकला आणला त्या दिवशी. या पान्ह्याने. आणि मग विसरलो."

हॅमचं पातेलं खदखदत होतं.

"तुम्ही," ओर्ला म्हणाली.

"मी. तुझी आई नाही. तिने एकदाही काही चुकवलं नाही. चल वर, खूण दाखवतो."

ती गेली. तो दारातच थांबला. तिने वाकून खुंट पाहिला, पान्हा मागून घेतला, दात खुणेवर ठेवून पाहिला. विद्यार्थ्याची वही तपासावी तशी. मग रेडिएटरवर हात ठेवून उभी राहिली. खिडकी, पलंग, चादर, एकेक करून बघत. जरा वेळाने तिने खिडकी लावली.

खाली आल्यावर ती म्हणाली, "आठवडाभर. आठवडाभर माझी आई पाकिटांवर वेळा लिहीत बसली."

"हो."

"आणि मी तिला सांगत होते की ती विसरते."

"हो."

"हो काय? काहीतरी म्हणा."

"काय म्हणू?" मॅलाकी म्हणाला. "चूक माझी आहे."

"ही फुटली असती तर?"

"फुटली नसती. माळ्यावरची नळी उघडी आहे, वाफ तिकडून जाते. पण नळाखाली हात भाजला असता तिचा."

"मला वाटतं, यापुढे या रेंजला तुम्ही हात लावू नये," ओर्ला म्हणाली.

"रेंज माझी आहे," अट्रॅक्टा म्हणाली.

दोघं तिच्याकडे वळले. ती टेबलाशी बसली होती. पाकिटं तिच्यासमोर पत्त्यांसारखी पसरलेली. ती एकेक पाकीट वाचून बाजूला ठेवत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं अक्षर होतं.

"तीनवर," ती म्हणाली. "तीनवर. तीनवर. बघ ओर्ला, सगळीकडे तीनवर. त्या सोमवारच्या माणसांना फोन कर. येऊ नका म्हणावं."

"मॅम, आज शनिवार आहे, ऑफिस—"

"मग मशीनवर निरोप ठेव. तुला बोलायला कधीपासून समोर माणूस लागायला लागला?"

ओर्ला हसली नाही, पण तिने कोट काढून खुर्चीवर टाकला. "ख्रिसमसपर्यंत," ती म्हणाली. "ख्रिसमसपर्यंत बघू. आणि रोज फोन."

"ठीक आहे," अट्रॅक्टा म्हणाली, आणि या वेळच्या 'ठीक आहे'त जरा दात होते. मग ती मॅलाकीकडे वळली. "आणि तू. डॉमिनिक असता तर यावरून त्याने तुला मरेपर्यंत छळलं असतं."

"माहितीये."

"ते काम आता माझ्याकडे आलंय. उद्या अकराला मिस्सा आहे. नुआलाला घेऊन ये. आणि आंघोळ करून ये, रॉकेलचा वास येतो."

तो व्हॅनमध्ये बसला. जीव हलका व्हायला हवा होता. झाला नाही. किल्ली फिरवायला हात पुढे गेला आणि तसाच राहिला.

डॉमिनिकच्या खोलीत सगळे त्याच्याकडे वळले होते, ते काही पहिल्यांदा नव्हे. मार्चमध्ये डॉनलन गेला तेव्हा त्याच्या घरी हेच झालं होतं. त्याआधी पुलापलीकडच्या शिक्षिकेच्या घरी. एक्केचाळीस वर्षांत किती घरं? दर वेळी कुणीतरी म्हणालं होतं, मॅलाकी, खोली गार कर बाबा. दर वेळी तो पान्हा घेऊन गेला होता. परत कितीदा गेला? त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि एका हातावरच अडकला. त्यातल्या कुठल्या घरात, कुठली म्हातारी, कुठल्या कागदावर वेळा लिहीत बसली असेल?

चढ उतरून घरी जायला उजवीकडे वळायचं. तो डावीकडे वळला.

डॉनलनच्या विधवेने दार उघडलं. शनिवारची संध्याकाळ, न बोलावता रेंजवाला दारात, हातात पान्हा. तिने छातीवर क्रुसाची खूण केली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही, सीसिली. तुझ्या मागच्या खोलीतला रेडिएटर बघायचाय."

"त्याला काय झालंय?"

"काही नाही झालं तर बरंच," मॅलाकी म्हणाला आणि पाय पुसून आत गेला.

तिथला खुंट उघडाच होता. त्याने तरी दोनदा फिरवून पाहिला. चहाला नाही म्हणाला, आणि पुलाच्या दिशेने निघाला.